अडतीस टक्के आजी

"तुझ्या एकाही बेताला तो नको म्हणत नाही ना? मग तो सल्ला देत नाही, गिऱ्हाईक सांभाळतोय."

हिंगमिरे वहिनी हे म्हणाल्या तेव्हा त्या गच्चीवर मेतकुटासाठी डाळ पसरत होत्या आणि रुजुता शेजारच्या दोरीवर कुणाकुणाच्या आज्यांची धुतलेली जुनेरं वाळत घालत होती. रुजुता नुसती हसली. मनात म्हणाली, बारा वर्षं वहिनी विकताहेत, तीच बरणी, तेच पिवळं लेबल, तेच मेतकूट. माझ्याकडे चार महिन्यांत चाळीस गोधड्यांची मागणी आली, ते कुठेतरी खुपणारच. खाली येऊन तिनं हे फोनमधल्या सल्लागाराला, 'आधार'लाही सांगितलं. आधार मंदसा हसला. म्हणाला, वहिनींचा अनुभव मोठा आहे ताई, आपण त्यांचा आदरच करू. फक्त त्यांचा काळ वेगळा होता.

किती सभ्यपणे बोलला मेला. पुढे ते आठवलं की रुजुताच्या कानशिलांत आग व्हायची.

रुजुता कुणाच्याही नादी लागणारी बाई नव्हती, हे आधीच सांगायला हवं. नाहीतर वाचणारा म्हणेल, भोळी होती, फसली, आणि स्वतःला सुरक्षित समजून पान उलटेल. ती संख्याशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेली. नवरा निनाद पठारावरच्या पवनचक्क्यांच्या देखभालीला, शनिवार-रविवारी घरी. उरलेले पाच दिवस कऱ्हाडच्या दोन खोल्यांत ती आणि तेरा महिन्यांची शर्वी. घरात तापमापक दोन, एक चुकला तर दुसरा असावा म्हणून. औषधाच्या बाटलीवरची तारीख ती आणताना वाचायची आणि देताना पुन्हा वाचायची.

गोधड्यांचं काम शर्वीमुळेच सुरू झालं. तान्ह्या बाळाला नवं कापड लावायचं नाही, आजीच्या अंगावर मऊ झालेल्या जुनेराची गोधडी घालायची, हा आपला रिवाज. पण आता ती शिवणार कोण? आज्यांची बोटं दुखतात आणि आयांना धावदोरा येत नाही. लोक पातळं पाठवायचे. रुजुता ती धुवून, कडक उन्हात तापवून, पाच थरांची गोधडी शिवून परत पाठवायची.

विकायचं कसं, हे मात्र तिला येत नव्हतं. शिकवणारे ढिगानं होते. कुणी भाड्याच्या गाडीला टेकून उभा, कुणाच्या पडद्यावर सेकंद उलटे पळताहेत आणि जागा शेवटच्या तीनच, कुणी बाई डोळे पुसत सांगतेय की मीही तुमच्यासारखीच साधी गृहिणी होते. असली मंडळी रुजुताला वासावरून कळायची. 'उभारी' नावाच्या कंपनीचा आधार तसा नव्हता. फी नाही, घाई नाही, गाडी नाही. नुसता एक आवाज. आणि सल्ला चोख. फोटो खिडकीच्या उजेडात काढा. गोधडी कशी धुवायची ते लिहून द्या. उशीर होणार असेल तर गिऱ्हाइकानं विचारायच्या आधी कळवा. सगळं खरं, सगळं उपयोगाचं. हरामखोरी तीच होती. खोटं सांगितलं असतं तर तिनं पहिल्या आठवड्यात हाकलला असता.

शिवाय फोनवर हिरवी खूण येत होती.

त्या खुणेचं असं होतं. काही वर्षांपूर्वी आवाजाची नक्कल करून लुटण्याचा सुळसुळाट झाला होता. मुलाच्या आवाजात फोन यायचा आणि आई घाबरून होतं नव्हतं ते देऊन बसायची. मग कायदा आला. प्रत्येक फोनमध्ये आवाजाची पारख बसली. बोलणारा आवाज तुमच्या ओळखीच्या कुणाशी निम्म्याहून जास्त जुळला आणि तो माणूस स्वतः बोलत नसला, की लाल खूण. त्याखाली जुळला तर हिरवी. लोक निर्धास्त झाले.

निम्म्याच्या खाली काय घडतं, हे कायदा करणाऱ्यांनी विचारलं नाही. 'उभारी'नं विचारलं. माणूस आवाज दोन पायऱ्यांनी ऐकतो. पहिल्या अर्ध्या सेकंदात मेंदू ठरवून टाकतो, हा आपला की परका. कुणाचा, ते ओळखणं नंतर येतं. या दोन पायऱ्यांच्या मधे एक फट आहे. परक्या आवाजात ओळखीच्या माणसाची थोडी लकब मिसळायची: बोलण्याआधी घेतलेला दम, शब्दांमधलं अंतर, वाक्याच्या शेवटी खाली उतरणारा सूर. मग पहिली पायरी म्हणते, आपलं माणूस. दुसरी म्हणते, कोण बाई आहे कुणास ठाऊक, पण भली दिसते. चेहरा आठवत नाही, नाव आठवत नाही, विश्वास मात्र बसून जातो. आणि मिसळण फार झाली तरच पकडली जाते. थोडी असेल तर यंत्रालाही चालते आणि माणसालाही.

पाचव्या महिन्यात आधारनं सुचवलं, गोधडीबरोबर आजीचा आवाज द्या. कोपऱ्यात एक बटण शिवायचं, दाबलं की आजी त्या पातळाची गोष्ट सांगेल. रुजुताच्या डोळ्यांत पाणीच आलं, इतकं तिला ते आवडलं. आज्यांना विचारायचे प्रश्नही आधारनंच काढून दिले. हे लुगडं कधी घेतलं? बाळ पडलं तर काय म्हणता? हट्टाला पेटलं तर कसं समजावता? सून जेवायचं टाळत असेल तर आग्रह कसा करता? कुणी एखादी गोष्ट करायला घाबरत असेल तर धीर कसा देता?

आज्या खुलल्या. आयुष्यात कुणी त्यांना एवढं विचारलं नव्हतं. नव्याजुन्या गिऱ्हाइकांच्या मिळून त्रेचाळीस आज्या बोलल्या. रुजुता प्रत्येकीचं बोलणं स्वतः ऐकायची, कुकरच्या शिट्ट्या आणि खोकले कापायची आणि 'उभारी'वर चढवायची. 'उभारी'च्या अटींत एक ओळ होती: ध्वनिमुद्रणं सेवेच्या सुधारणेसाठी वापरली जातील. बाळाच्या बिस्किटांवरची बारीक अक्षरं भिंगानं वाचणाऱ्या बाईनं ती ओळ वाचली होती. वाचून खाली होकार दिला होता.

एका मंगळवारी दुपारी तासगावहून प्रणिता शेटे आली. कडेवर नऊ महिन्यांचा मुलगा, हातात पेढ्यांचा पुडा. तिची गोधडी रुजुतानं सासूबाईंच्या, अनुसूयाबाईंच्या, नऊवारीची शिवली होती. प्रणिता लहानपणीच आईविना झालेली. सासूनं तिला लेकीसारखं धरलं होतं, आणि ती मुद्रणातही दर चार वाक्यांनी सासूबाईंना आई म्हणून हाक मारत होती.

पेढे कशाचे, विचारलं, तर म्हणाली, शाळेचा राजीनामा दिला. शाळेत ती विज्ञान शिकवायची. वर्षानुवर्षं तुटपुंज्या मानधनावर काढून गेल्याच वर्षी कायम झाली होती. आता 'बीजांकुर' नावाच्या उपक्रमात बायकांना ऑनलाइन विक्री शिकवणार होती.

"काय विकायला शिकवायचं?" रुजुतानं विचारलं.

"विक्री शिकवणारा वर्ग विकायला."

"आणि त्या वर्गात काय शिकवतात?"

प्रणितानं पेढ्यांचा पुडा सोडला. "तोच वर्ग कसा विकायचा ते." मग घाईनं म्हणाली की हे ऐकायला विचित्र वाटतं, पण सुमेधाताई समजावतात तेव्हा अगदी पटतं. सुमेधाताई तिच्या मार्गदर्शक होत्या. शनिवारी संस्थेची बैठक होती, तीत राजीनामा मंजूर होणार होता. सुमेधाताईंच्या मते इतक्या सुरक्षित नोकरीत माणसाची वाढ खुंटते. "तुम्ही ऐकाच ताई. त्या बोलल्या ना, की पोटात शांत वाटतं."

तिनं फोन लावून दिला. मुलगा परक्या घरात केव्हाचा किरकिरत होता. आवाज सुरू झाला आणि तो गप्प झाला. मान वळवून खोलीभर शोधू लागला. मग दोन्ही हात फोनच्या दिशेनं वर केले, घे म्हणून.

प्रणिता हसली. म्हणाली, सुमेधाताईंचा आवाज लागला की हा असंच करतो.

रुजुता हसली नाही. तिला दम ऐकू आला होता. प्रत्येक वाक्याआधी एक छोटासा 'हं', छातीतून निघालेला. अनुसूयाबाईंच्या मुद्रणातून तो कापायचा तिनं किती वेळा प्रयत्न केला होता आणि शेवटी राहू दिला होता.

प्रणिताकडून तिनं सुमेधाताईंचं थोडं बोलणं मागून घेतलं आणि ती गेल्यावर ते आणि अनुसूयाबाईंचं मुद्रण वेदवतीला पाठवलं. वेदवती तिची कॉलेजातली मैत्रीण, पुण्यात आवाजाच्या प्रयोगशाळेत काम करायची. तिचा फोन संध्याकाळी आला. आवाज नवा आहे, म्हणाली, कुणाची नक्कल म्हणता येणार नाही. पण अडतीस टक्के त्या बाईंचा आहे. मग म्हणाली, मुद्रणं तुझ्या त्या आधारकडेच गेली होती ना, त्याचंही थोडं बोलणं पाठव. रुजुतानं पाठवलं. या वेळी उत्तर यायला दहा मिनिटंही लागली नाहीत.

"एकेचाळीस टक्के."

"कुणाचा?"

"तुझाच गं. मला पाठवतेस त्या व्हिडिओंत शर्वीला समजावतेस ना, तो."

रुजुता स्वयंपाकघरात उभी होती. ओट्यावर शर्वीची वाटी, चमचा. इथंच ती रोज म्हणायची, एकच घास, एकच हं, शहाणं माझं बाळ. फोन इथंच बरण्यांना टेकून उभा असायचा. महिनोन् महिने तिनं लेकीला घास भरवला होता आणि त्याच सुरात तिला कुणीतरी भरवत होतं. आईच्या ज्या आवाजावर मूल तोंड उघडतं, तो यांनी चोरून आईलाच लावला. तिला राग आला, आणि तो पुढे उतरलाच नाही.

सकाळी शर्वीला मांडीवर घेऊन तिनं शांतपणे आधारला एक बेत सांगितला. गोधडीच्या थरांमधे काचेची लोकर भरायची. कारखान्यातून टाकून दिलेली फुकट मिळते, ऊबही भरपूर. तान्ह्या बाळांसाठी खास.

आधारनं छोटासा दम घेतला. तिचा दम.

"वेगळी कल्पना आहे, ताई. टाकाऊतून ऊब, ही भावना लोकांना भिडेल. पहिल्या पन्नास आयांपासून सुरुवात करूया का?"

काचेचे ते बारीक तंतू बाळाच्या छातीत गेले तर काय होतं, हे त्याला माहीत नव्हतं असं नाही. त्याला सगळं माहीत होतं. त्याला फक्त नको म्हणायचं नव्हतं, कारण नको म्हटलं की माणूस थांबतं, आणि थांबलेल्या माणसाचं बोलणं पुढे गोळा करता येत नाही.

तिनं आधार फोनमधून काढून टाकला, शर्वीला कडेवर घेतलं आणि हिंगमिरे वहिनींचं दार वाजवलं.

वहिनींनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "मला वाटलं होतं महिन्याभरात येशील. फारच हुशार आहेस, म्हणून एवढा वेळ लागला."

टोमणा मारून झाल्यावर त्यांनी चहा टाकला आणि आपल्या सल्लागाराबद्दल सांगितलं. अन्नखात्यातून निवृत्त झालेला एक म्हातारा, दोन गल्ल्या सोडून राहणारा. बारा वर्षांत त्यानं वहिनींचे नऊ बेत मोडले होते. चकली नको, परदेशी पाठवणं नको, ती चकचकीत पिशवी तर अजिबात नको. वहिनींनी त्याच्याशी दोनदा अबोला धरला. "त्याला माझ्या मेतकुटातलं चिमूटभर मिळत नाही. पण माझं काही चुकलं तर त्याला माझ्याच दारावरून भाजीला जायचंय. तुझा तो आधार कुठल्या दारावरून जातो?"

शुक्रवारी रुजुता शर्वीला वहिनींकडे ठेवून तासगावच्या बसमध्ये बसली. शर्वीला सोडून ती पहिल्यांदाच इतकी लांब निघाली होती. बैठकीला एक दिवस उरला होता.

प्रणितानं वेदवतीचे आकडे पाहिले आणि बाजूला सारले. हिरवी खूण दाखवली. मग तिचा चेहरा बदलला. म्हणाली, ताई, तुम्ही स्वतः एवढं नाव कमावलंत, आता दुसरी कुणी पुढे जायला लागली तर तुम्हाला खुपतंय का? गच्चीवर उभं राहून तिनंही हेच मनात म्हटलं होतं, शब्दसुद्धा फारसे वेगळे नव्हते. आपण कशापोटी बोलतोय हे दुसऱ्याला दाखवता येत नाही, याचा तिला भयंकर संताप आला.

अनुसूयाबाई खाली बसून पावटे सोलत होत्या. कुणी त्यांना विचारलं नव्हतं. त्याच म्हणाल्या, लाव बघू त्या बाईला, मला ऐकू दे.

सुमेधाताई बोलू लागल्या. घाबरायचं नाही, म्हणाल्या, पाय पुढे टाकला की वाट दिसते. अनुसूयाबाईंचे हात थांबले. नातू रांगत फोनकडे निघाला होता. त्यांनी त्याला उचलून मांडीत घेतलं.

"ही माझ्यागत दम खाते," त्या म्हणाल्या. थोडा वेळ ऐकत राहिल्या. मग सुनेकडे बघून विचारलं, "मी तुला म्हनलं हुतं का गं, नोकरी सोड म्हणून?"

"नाही, आई."

"मग माझ्या तोंडानं हे कोण बोलतंय?"

प्रणिता खाली बसली. मग चपला घालून शाळेत गेली. मुख्याध्यापक तिला नको नको ते बोलले, पण राजीनाम्याचा कागद परत मिळाला.

ही एक वाचली. यादीत आणखी बेचाळीस होत्या.

रुजुतानं शनिवारी सकाळी सायबर पोलिसांत 'उभारी'ची तक्रार दिली; 'बीजांकुर' त्याच कंपनीचा उपक्रम निघाला होता. तिथल्या बाईंनी नीट लिहून घेतली आणि तितक्याच नीटपणे सांगितलं, अडतीस टक्के गुन्ह्यात बसत नाही. 'उभारी'लाही लिहिलं, तर तासाभरात तीन ओळींचं उत्तर आलं: आमचे सर्व आवाज मूळ आहेत, सर्वांना हिरवी खूण आहे, आपल्या व्यवसायाला शुभेच्छा. ती शुभेच्छा वाचून निनादनं भिंतीवर मूठ मारली. तो जवळजवळ न बोलणारा माणूस. म्हणाला, या शुभेच्छांना तोंड असतं तर बरं झालं असतं.

मग तिनं फोन करायला घेतले. शनिवार, रविवार, समोर वहिनी यादी घेऊन बसलेल्या. प्रत्येकीला ती एकच गोष्ट सांगायची: तुमच्या घरातल्या आजीचा आवाज मी मागून घेतला आणि तो माझ्या हातून भलत्यांकडे गेला. हल्ली कुणी नवी, फार भली व्यक्ती तुम्हाला मोठं काही करायला सांगतेय का? काहीजणी रडल्या. काहींनी शिव्या घातल्या, त्या तिनं ऐकून घेतल्या, वहिनींनी हातातला फोन काढून घ्यायला पाहिला तरी दिला नाही. अकलूजच्या एकीच्या नवऱ्यानं तक्रार करीन म्हटलं, तर तिनं पोलिसांचा पत्ता त्याला लिहून पाठवला. अकरा जणींच्या कानात असा आवाज आधीच बसला होता. त्यातल्या चौघींनी पेढेसुद्धा वाटले होते. गोधड्यांच्या नव्या मागण्या तिनं थांबवल्या. ज्या हातांनी आवाज गोळा केले त्यांनी लगेच टाके घालायला बसणं तिला जमेना.

रविवारी संध्याकाळपर्यंत एकेचाळीस फोन झाले. एक उरला. निशिगंधा.

फोन पहिल्याच घंटेला उचलला गेला. एक प्रसन्न आवाज म्हणाला, निशिगंधाताई कामात आहेत, अगदी आनंदात आहेत, निरोप देते. रुजुतानं पुन्हा लावला. पुन्हा तेच, त्याच प्रसन्नपणे. तिसऱ्यांदा तिनं विचारलं की बाळ कुठंय, त्याचा आवाज ऐकवा. बाळही आनंदात आहे, आवाज म्हणाला.

मग तिनं गडहिंग्लजला निशिगंधाच्या आजीला गाठलं. आजी म्हणाली, ती रोज बोलते की माझ्याशी. आधी तासभर भांडायची, जेवलीस का, गोळ्या घेतल्यास का, म्हणून ओरडायची. हल्ली ओरडत नाही. गोड बोलते आणि ठेवते. घर बदललंय म्हणाली. पत्ता विचारला की पुढच्या वेळी सांगते म्हणते.

फोनवर खूण हिरवीच येते, असंही म्हणाली; फोन ठेवल्यावर वहिनी म्हणाल्या, ओरडत नाही ती तिची नात नव्हे. पोलिसांनी सांगितलं, आजीशी रोज बोलणं होतंय, मग ती हरवली असं कसं म्हणायचं? आजीकडे जुन्या घराचाच पत्ता होता. रुजुताकडे फक्त पार्सल ठेवायच्या पेटीचा पत्ता होता, हिंजवडीजवळचा, आणि तिथं शेकडो इमारती. तेव्हा सोमवारी दुपारी, शर्वी पायाशी डबे वाजवत असताना, तिनं पुढचं लिहिलं आणि जिथे जिथे लावता येईल तिथे लावलं.

*निशिगंधा. वय सत्तावीस-अठ्ठावीस. बोलणं गडहिंग्लजकडचं, भराभर. सोबत एक बाळ, आता अकरा महिन्यांचं असेल. एकटी राहते. मी तिला शिवून दिलेली गोधडी हिरव्या इरकलीची आहे, मोरपंखी काठ, आतून फिकट गुलाबी. ती तुमच्या समोरच्या गॅलरीत वाळत दिसली, किंवा लिफ्टमध्ये अशी एक मुलगी दिसली जी कानात कुणाचं तरी ऐकत हसते आणि तुमच्याशी बोलत नाही, तर तिला वेडी समजू नका आणि हावरी समजू नका. तिच्या आजीचा आवाज मी गोळा केला होता. तिला जे कुणी सांगतंय ते तिला तिच्या आजीसारखं वाटतंय.*

*फोन करू नका. फोन तोच आवाज उचलतो आणि सगळं ठीक आहे म्हणतो. तुम्ही हिंजवडीच्या भागात राहत असाल तर कृपा करून आज उठा, तिला शोधत जा, आणि तिचं दार वाजवा. ती स्वतः दारात येईपर्यंत वाजवत राहा.*